सीट अमेरिकेची, बेल्ट भुसावळचा

पत्र, थोडक्यात: "मी भुसावळला असतो. बायको बाळंतपणाला शिरपूरला माहेरी गेलीये, मुलगी दोन महिन्यांची झाली, वजन साडेचार किलो. आखाजी (अक्षय्य तृतीया) आटोपली की दोघींना आपल्या गाडीने घरी आणायचंय. मेहुणे न्यूजर्सीला असतात, त्यांनी चांगली महागातली बेबी कार सीट पाठवली. व्हिडिओ बघून बघून बसवली, पण बेल्ट कितीही ओढला तरी खालचा बेस हलतोच. शोरूमला नेली तर तिथल्या पोराने एकदा गदागदा हलवली आणि 'ठीक आहे साहेब' म्हणून मोकळा झाला. मेहुणे म्हणतात तिकडे सर्टिफाइड माणसाकडून तपासून घेतात, इथे असं कोण आहे? आई म्हणते, 'पोरले असं बांधीसन कोनी नेस का?' आता मलाही वाटायला लागलंय की धड न बसलेल्या सीटपेक्षा बायकोच्या मांडीवर बरी, मी गाडी हळू चालवीन. काय करू?"

भाऊ, आधी लेकीचं अभिनंदन. आणि बेस हलतोय यात तुमच्या हाताचा दोष नाहीये, शोरूमच्या पोराचाही फारसा नाही, त्याला कोणी शिकवलेलंच नसणार.

भानगड बेल्टची आहे. अमेरिकेतल्या गाड्यांमधे मागच्या सीटचा बेल्ट बहुधा असा असतो की तो शेवटपर्यंत बाहेर ओढला की आत एक लॉक चालू होतं, मग सोडताना तो कट-कट-कट आवाज करत आत जातो आणि परत बाहेर येत नाही. तिकडच्या सीटचं मॅन्युअल, तुम्ही बघितलेले सगळे व्हिडिओ, हे धरूनच चाललेले असतात. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत तो बेल्ट नसतो. आपला बेल्ट एरवी सैल सरकतो आणि जोरात ब्रेक लागला, झटका बसला, की मग अडकतो. बसलेल्या माणसाला ते चालतं, पण अमेरिकन बेसला चोवीस तास आवळून धरायचं काम त्याच्याकडून होत नाही, तुम्ही गुडघा टेकवून ओढा नाहीतर दोघं मिळून ओढा, हात काढला की तो पुन्हा ढिला. खात्री करायची तर आज गाडीत बसा, मागचा बेल्ट हळूहळू पूर्ण बाहेर काढा, आणि सोडताना तो आवाज येतो का ऐका. नाही आला तर तुमचं उत्तर मिळालं.

मग आता काय करता येईल. बऱ्याच अमेरिकन बेसमधे बेल्ट दाबून धरणारा एक खटका बसवलेलाच असतो, त्याला लॉक-ऑफ म्हणतात, झाकण उघडायचं, बेल्ट खालून घालायचा, ताणायचा आणि झाकण खाडकन बंद करायचं. व्हिडिओत तो वापरत नसतील कारण त्यांना गरज पडत नाही, म्हणून तुमच्या नजरेतून सुटला असेल. काही सीटसोबत इंग्रजी एच अक्षरासारखी एक लोखंडी क्लिप येते, ती बेल्टच्या जिभेजवळ लावून दोन्ही पट्टे एकमेकांना जखडायचे असतात, पण ती लावायला किचकट आणि चुकीची लागली तर उपयोग शून्य, त्यामुळे मॅन्युअलमधे चित्र असेल तरच तिच्या नादी लागा.

दुसरा रस्ता म्हणजे गाडीत आयसोफिक्स, म्हणजे बाळाची सीट अडकवायच्या कड्या, आहे का बघणं. मागच्या सीटची पाठ आणि बसायची गादी यांच्या फटीत हात घाला, खिडकीकडच्या दोन्ही जागांवर दोन-दोन जाड लोखंडी कड्या लागतात का चाचपा, कधी कधी वर छोटी खूण किंवा शिवलेलं लेबल असतं. त्या असतील तर अमेरिकन बेसचे खालचे हुक त्याच मापाच्या कड्यांना लागतात आणि बेल्टची कटकटच मिटते. फक्त दोन्ही एकदम लावू नका, हुकही आणि बेल्टही, 'डबल मजबूत' म्हणून लोक करतात, पण मॅन्युअलने स्पष्ट परवानगी दिल्याशिवाय ते करायचं नसतं. आणि गाडीच्या हँडबुकातही लहान मुलांच्या सीटचं एक पान असतं, कोणत्या जागेवर काय चालतं त्याचा तक्ता, तो कोणी वाचत नाही, तुम्ही वाचा.

यातलं काहीच जमलं नाही तर मी सरळ सांगते, मेहुण्यांची सीट कपाटावर ठेवा आणि इथे मिळणारी घ्या. मन दुखेल, पण सीट किती महागाची यापेक्षा ती तुमच्या गाडीत बसते का हे मोठं. भारताचं मानक, एआयएस-०७२, हे युरोपच्या नियमांच्या वळणाने गेलेलं आहे, आणि युरोपियन पद्धतीच्या बाळ-सीट आपल्यासारखाच झटक्याला अडकणारा बेल्ट धरून बनवलेल्या असतात, पोटाचा पट्टा बाळाच्या पायाकडून जातो आणि खांद्याचा पट्टा सीटच्या पाठीमागून वळसा घेतो, मागे तोंड असलेल्या, म्हणजे बाळाचं तोंड गाडीच्या मागच्या काचेकडे राहील अशा, सीटला ही वाट निळ्या खुणांनी दाखवलेली असते. घेताना नारिंगी स्टिकर बघा, गोलात ई आणि बाजूला आकडा. जुन्या युरोपियन नियमाच्या, आर४४ च्या स्टिकरवर वजन लिहिलेलं असतं, बाळासाठीची १३ किलोपर्यंतची, नव्या नियमाच्या, आर१२९ च्या स्टिकरवर सेंटिमीटरमधे उंची. आणि विकत घ्यायच्या आधी दुकानदाराला सांगून आपल्या गाडीत लावून बघा, कारण छोट्या गाड्यांचा बेल्ट कधी कधी तो पूर्ण वळसा घ्यायला पुरतच नाही. अजून एक, 'कॅरीकॉट कम रॉकर कम झोका' म्हणून जे मिळतं ना, त्याला बेल्ट जायची वाट आणि स्टिकर नसेल तर ती कार सीट नव्हे, दुकानदार काहीही म्हणो.

आता मांडीचा विषय. तुम्ही लिहिलंय, हळू चालवीन. हळू म्हणजे किती, ४० धरू? ताशी ४० च्या वेगाने गाडी कशावर तरी आदळून सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली तर साडेचार किलोचं बाळ त्या क्षणाला साधारण ५० किलोचा ओढा देतं, म्हणजे सिमेंटची एक भरलेली गोणी, आणि ती बायकोने अचानक, बेसावध असताना, नुसत्या हातांनी धरायची. हे प्रेमाने होत नाही हो, ताकदीनेही होत नाही. आणि दोघींना मिळून एकच बेल्ट लावला तर आईचं सगळं वजन बाळावर येतं, ते तर सगळ्यात वाईट. शिवाय तुम्ही हळू चालवाल, समोरून येणारा चालवेल का? चोपडा-यावलचा रस्ता, केळीचे ट्रक, संध्याकाळ झाली की बिनालाइटचे ट्रॅक्टर, मी काय सांगू तुम्हाला.

मागे तोंड करूनच का, हेही आईला सांगता येईल असं सांगते. तान्ह्या बाळाचं डोकं म्हणजे अख्ख्या लांबीचा जवळपास चौथा हिस्सा, आणि मान अजून धरलेली नसते. तोंड पुढे असेल तर आदळल्यावर अंग पट्ट्यात अडकतं आणि डोकं एकटं पुढे जातं, सगळा ताण मानेवर. तोंड मागे असेल तर डोकं-मान-पाठ सगळंच सीटच्या पाठीत रुततं आणि झटका पसरून जातो. अमेरिकेच्या रस्ते सुरक्षा खात्याच्या हिशोबाने सीटमुळे एक वर्षाखालच्या बाळांचा कारमधे जीव जाण्याचा धोका ७१ टक्क्यांनी कमी होतो. म्हणून तुमच्या मूळ प्रश्नाला उत्तर, बोटभर हलणारी सीट सुद्धा मांडीपेक्षा चांगली, पण तुमच्याकडे अजून दिवस आहेत, तर बोटभर तरी का हलू द्यायची. आणि पुढच्या सीटवर तर नाहीच, समोर एअरबॅग असते आणि मागे तोंड केलेल्या सीटच्या पाठीवरच ती फुटते. कायद्याचं म्हणाल तर २०१९ च्या दुरुस्तीत कलम १९४बी आलं, १४ वर्षाखालचं मूल बेल्ट किंवा चाइल्ड सीटशिवाय गाडीत असेल तर १००० रुपये दंड. आपल्याकडे तो कोणी लावताना दिसत नाही हे खरं.

तपासणीबद्दल मात्र तुमची समजूत थोडी बदलायला हवी असं मला वाटतं. मेहुणे खरं सांगतायत, अमेरिकेत सेफ किड्स नावाची संस्था असे टेक्निशियन तयार करते, कुठे फायर स्टेशनला, कुठे दवाखान्यात तपासणी होते, बऱ्याचदा फुकट. पण तो टेक्निशियन सीट बसवून, शिक्का मारून देत नाही. तो शेजारी उभा राहतो आणि आई-बापाकडूनच बसवून घेतो, काढायला लावतो, परत बसवायला लावतो, कारण उद्या गाडी धुताना सीट निघणार, परवा मुलगी वाढली की पट्टे वर सरकवावे लागणार, तेव्हा तो घरी येणार नाहीये. इतकी सोय असूनही तिथल्या सरकारी पाहणीत ४६ टक्के सीट कुठेतरी चुकीच्या वापरलेल्या सापडल्या होत्या. म्हणजे तुम्ही काही एकटे नाही. आणि भुसावळला 'सर्टिफाइड माणूस' नाही म्हणून तुमचं अडलंय असं समजू नका, तपासायचं काय ते एकदा कळलं की तो माणूस तुम्हीच.

तर बघा कसं तपासायचं. गाडी सपाट जागेवर लावा, अंगणाच्या उतारावर नको, नाहीतर कोन चुकीचा दिसतो. बेसमधून बेल्ट किंवा हुक जिथून जातो, अगदी तिथेच हात ठेवा, उजव्या हाताने लिहीत असाल तर डावा हात, आणि एखाद्याशी हात मिळवावा इतक्या जोराने डावी-उजवीकडे आणि पुढे-मागे हलवा. एक इंचाच्या आत हलली तर पास. शोरूमच्या पोराने नक्की कुठे धरून हलवली होती? बहुतेक वरच्या टोकाला. तिथे धरली तर मागे तोंडाची कुठलीही सीट हलणारच, ते चालतं, त्याने फसून लोक चांगली बसलेली सीट काढून पुन्हा आवळत बसतात.

मग कोन. नवजात बाळाला साधारण ४५ अंशाच्या आसपास मागे झुकलेली लागते, सीटच्या बाजूला गोळी नाहीतर रेघ असते ती कुठे यायला हवी ते लिहिलेलं असतं. आपल्या छोट्या गाड्यांची मागची गादी आतल्या बाजूला उतरती असते त्यामुळे बाळ-सीट फार उभी होते आणि झोपेत बाळाची हनुवटी छातीला टेकते. हे हलक्यात घेऊ नका, एवढ्याशा बाळाची श्वासाची वाट त्याने दबते. बेसला कोन बदलायचा पाय किंवा बटण असतं, नसेल आणि मॅन्युअल चालवत असेल तर गादी आणि सीटच्या मधल्या फटीत टॉवेलची घट्ट गुंडाळी सरकवा. कोन बदलला की पुन्हा एक इंचाची परीक्षा, कारण एक नीट केलं की दुसरं बिघडतं, हा या सीटचा स्वभावच आहे.

सीट बसली म्हणजे बाळ बसलं असं नाही, आणि खऱ्या चुका इथेच होतात. खांद्याचे पट्टे बाळाच्या खांद्याच्या रेषेत किंवा किंचित खालच्या खाचेतून यायला पाहिजेत, वरून नाही. घट्टपणा बघायला खांद्याजवळ पट्ट्याला उभी चिमटी घ्या, कापड चिमटीत आलं तर सैल, बोटं घसरली तर ठीक. तुमच्या अमेरिकन सीटला छातीवर एक क्लिप असेल, ती काखेच्या रेषेत, पोटावर नाही. आणि बाळाला दुपट्यात गुंडाळून वरून पट्टे लावायचे नाहीत, पाय मोकळे असल्याशिवाय मधला पट्टा बसतच नाही. गोधडी, शाल, जे काही आजीच्या समाधानासाठी हवं ते पट्ट्यांच्या वरून. डोक्यामागे मऊ उशी म्हणून राई भरलेली उशी ठेवतात आपल्याकडे, ती गाडीत नको, सीटसोबत जे आलं तेवढंच. काळा दोरा, तीट, यांना माझी काही हरकत नाही.

आणि आपलं ऊन. आखाजीनंतर म्हणजे पारा ४३-४४ ला टेकलेला, उन्हात उभ्या गाडीत त्या सीटची लोखंडी बकल एवढी तापते की मोठ्याचा हात भाजेल. बाळ बसवायच्या आधी बकल स्वतःच्या मनगटाला लावून बघा, गाडी उभी असताना सीटवर पांढरं धोतर किंवा चादर टाका, ओली नाही, कोरडी. पण बाळ आत असताना सीटवर ओढणी टाकून झाकू नका, आत भट्टी होते आणि तोंड दिसत नाही. पहाटे पाचला निघा, नऊच्या आत घरी. मधे थांबावंच लागेल, एवढ्या लहान बाळाला त्या सीटमधे सलग दीड-दोन तासांपेक्षा जास्त ठेवायचं नसतं, चोपड्याला थांबा, बाहेर काढा, पाजा, सरळ झोपवा थोडं. रडली तरी थांबा, पण चालत्या गाडीत पट्टे सोडून छातीशी घ्यायचं नाही, हा नियम सगळ्यांनी निघायच्या आधीच मान्य करायचा, कारण बाळ रडायला लागल्यावर कोणी कोणाचं ऐकत नाही. घरी पोचल्यावर झोपलीये म्हणून सीटमधेच राहू दे असंही नको.

आता आईंचं. त्यांना अडाणी ठरवून जिंकता येणार नाही, आणि त्या अडाणी नाहीतही. त्यांनी पोरं मांडीवर वाढवली तेव्हा एसटी होती, बैलगाडी होती, ताशी ऐंशीने जाणारी घरची गाडी नव्हती. त्यांना वाद घालून नका सांगू, काम द्या. सीट मागे डाव्या बाजूला बसते, आईंना घेऊन जाणार असाल तर त्यांना सीटच्या शेजारी बसवा, बायको पुढे, किंवा उलट, पण शेजारच्या माणसाने स्वतः बेल्ट लावायचा, नाहीतर तो माणूसच बाळावर येऊन पडतो. चिमटीची परीक्षा त्यांना शिकवा आणि दर वेळी त्यांच्याकडूनच करून घ्या. ज्या आजीच्या हाताने पट्टा तपासला जातो ती आजी 'कशाला बांधता' म्हणत नाही, निदान कमी म्हणते.

एक गोष्ट तुमच्या पत्रात मला कुठेच सापडली नाही. आई काय म्हणते ते आहे, मेहुणे काय म्हणतात ते आहे, शोरूमवाला आहे. बायको काय म्हणते? तिने ती सीट बघितलीये का? रोज बाळाला त्यात ठेवणार-काढणार ती, दवाखान्यात लस द्यायला कदाचित एकटी नेणार ती, आणि बसवणं फक्त तुम्हालाच येत असेल तर तुम्ही ड्युटीवर गेल्यावर पहिल्याच दिवशी बाळ मांडीवर येईल. तुम्ही आणायला जाल तेव्हा एक दिवस आधी जा, सासऱ्यांच्या दारात गाडी सावलीत लावा आणि तिच्याकडून दोनदा बसवून घ्या, आधी रिकामी, मग बाळासकट. मग गावातल्या गावात एक चक्कर. गावातल्या गावात सीट लागत नाही असंही कोणी म्हणेल, तर वर ४० चा हिशोब दिलाय तो गावातलाच वेग आहे.

आणि समजा त्या दिवसापर्यंत काहीच जमलं नाही, बेस हलतोच, नवी सीट आली नाही, तर गाडीनेच आणायचं असा काही नवस नाहीये. नरडाण्याहून नाहीतर अमळनेरहून सुरत लाइनची रेल्वे धरा, भुसावळला उतरा, तुम्ही तर जंक्शनला राहता. स्टेशनपर्यंतचा टप्पा उरतोच, तो पूर्ण बिनधोक नाही, पण सव्वाशे किलोमीटरपेक्षा नरडाण्यापर्यंतचे वीस-पंचवीस बरे. किंवा आठ-दहा दिवस अजून राहू दे माहेरी, तिची काही तक्रार नसेल बहुतेक.

आज एवढं करा. सीटच्या तळाला बनवल्याची तारीख आणि कधीपर्यंत वापरायची ते छापलेलं असतं, त्याचा, बेसच्या बेल्टच्या जागेचा, आणि गाडीच्या त्या फटीचा असे तीन फोटो मेहुण्यांना पाठवा. त्यांना म्हणावं मॅन्युअलमधलं लॉक-ऑफचं पान शोधून द्या, आणि तुमच्या न्यूजर्सीतल्या त्या टेक्निशियनला हेच मॉडेल कुलूप नसलेल्या बेल्टने बसवायचं कसं विचारा, काही जण व्हिडिओ कॉलवरही तपासून देतात. त्यांनी सीट पाठवलीच आहे, तर एवढी धावपळ आनंदाने करतील. फक्त फोन करायच्या आधी घड्याळ बघा, आपली सकाळ म्हणजे त्यांची मध्यरात्र.